समोर उभं राहून घेतलेला कौल

आमच्या आत्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न करायचं होतं. पहिलंच. आणि ते करावं का नाही, हे कोकणातल्या कुलदैवताला विचारायला मी तिला ग्वाल्हेरहून घेऊन गेले होते. एवढंच वाचून कुणी म्हणेल, काय गुणाची भाची! थांबा जरा.

आम्ही पिढ्यानपिढ्या ग्वाल्हेरचे. पूर्वज कोकणातून दरबारात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, भांडण पेटलं की हिंदीत जातो. कोकणातलं आमच्याकडे काही म्हणजे काही उरलं नाही, एक देव सोडून. त्या देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे, आणि देवाला प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आता दर प्रश्नाला तिकीट काढून कोकणात कोण जाणार? म्हणून माझ्या आजोबांनी कौल टपालाने मागवायची पद्धत पाडली होती. इकडून पोस्टकार्डावर प्रश्न लिहायचा, तिकडे गुरव पाकळ्या लावायचा आणि उजवा की डावा ते कार्डावर कळवायचा. मुंज यंदा करू का, बदली घेऊ का, प्लॉट कुठला घेऊ. देव बिचारा आमच्या घरच्या प्लॉटचीही उत्तरं द्यायचा.

आत्या बावीस वर्षांची असताना तिला एक चांगलं स्थळ आलं. मुलगा तिला आवडला होता. आजोबांनी कार्ड टाकलं. उत्तर आलं, ते त्यांनी पुढच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचलं, "डावा", आणि कार्ड खिशात घातलं. झालं. घोडं तिथेच अडलं ते कायमचं. मग आजीचं आजारपण निघालं, मग माझा टायफॉइड, मग आजोबा अंथरुणाला खिळले. दर वेळी कुणीतरी आजारी आणि दर वेळी आत्या हाताशी. शाळेत शिवण शिकवायची, घरी येऊन आमचं सगळं करायची. मला तिनेच वाढवलं. माझ्या वेण्या, माझे डबे, माझ्या अंगातला ताप, सगळं तिच्या हातचं.

आणि त्या वर्षी, मी एक्केचाळीस वर्षांची, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, शाळेत पूर्ण वेळ नोकरी, बाबा गेलेले, आणि आई चार वर्षं लकवा होऊन पलंगावर. आईला कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, सगळं आत्या. मी सकाळी पर्स उचलून बाहेर पडायचे आणि दुपारी येऊन म्हणायचे, "आज फार दमले गं." स्वतःला फार बिचारी समजायचे मी.

तर हे गृहस्थ. दाना ओलीत एकटे राहायचे. टेलिफोन खात्यातून रिटायर, बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आत्याची आणि त्यांची भेट नई सडकेवर बटणांच्या दुकानात झाली. शर्टाचं एक बटण तुटलं होतं आणि त्याला जोड शोधत ते अर्धा तास उभे होते. आत्याने मागून हात घालून नेमकं बटण काढून दिलं. पुढे मंडळाच्या गणपतीत ओळख वाढली. ते आरतीला पेटी धरायचे, ही पुढे जाऊन बसायची. मला वाटलं, बरं आहे, तेवढाच विरंगुळा. आणि एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "त्यांनी विचारलंय. मला हो म्हणायचं आहे."

मी हसले. आधी हसलेच. मग म्हटलं, "आत्या, साठी आली तुझी. लोक तोंडात शेण घालतील." वर हेही म्हटलं की त्यांचे पूर्वज फौजेत शिपाईगिरी करणारे, ते लोक मासमटण खाणारे, आपलं कसं जमणार. आत्याने पोळी उलटली आणि म्हणाली, "मी देवाला विचारणार आहे. पण या वेळी टपालाने नाही. मी स्वतः समोर उभी राहून विचारणार. देव नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर जाईन." मी लगेच तयार झाले. म्हटलं, देव नाही म्हणेल याची निम्मी आशा तर आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत निघालो. आईजवळ माझा नवरा आणि चार दिवसांसाठी बोलावलेली एक आया. आत्याने निघण्याआधी केस काळे केले. स्टेशनवर मी ते पाहिलं आणि म्हटलं, "देवाला फसवणार आहेस का?" तिने डोक्यावर पदर घेतला आणि पूर्ण प्रवासात काढला नाही.

ते बंदराचं गाव. नाव सांगत नाही, सांगायला तोंड नाही. आमच्याकडे मे महिन्यात वारा म्हणजे लू, अंग भाजणारी, घराची दारं लावून बसायचं. इथे वारा म्हणजे सगळ्या गावाने अंगावर घेतलेला पाहुणा, जाता जाईना. लॉजच्या गॅलरीत टॉवेल वाळत घातला तो गेलाच. आत्या मात्र खूष. तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बघून म्हणाली, "अरे बाप रे, हा तर थांबतच नाही." मी म्हटलं, "मग काय तुझ्यासाठी थांबेल?"

सकाळी नऊला देवळात पोचलो. दारात एक हारवाली बसलेली, टोपल्यावर ओलं फडकं टाकून दगड ठेवलेले, नाहीतर फुलं उडून जातील. आत्या तिच्याशी बोलत बसली. तिला कुणाशीही बोलायला आवडतं आणि कानात मशीन असलं की तिला सगळं ऐकू येतं. मी पुढे आत गेले. गुरव म्हातारा, मोजकं बोलणारा. म्हणाला, आज नैवेद्य मोठा आहे, कौल दुपारी चारला लावू, तोवर गाव बघून या.

मी शिक्षिका. न समजलेलं विचारून घ्यायची सवय. मी विचारलं, "उजवी बाजू म्हणजे कोणाची? आमची की देवाची?"

"देवाची," तो म्हणाला. "देव आपल्याकडे तोंड करून आहे ना? त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. लांबून येणारे तिथेच चुकतात."

आमच्या घराण्याने इतकी वर्षं कौल मागवले, पण डोळ्यांनी एकानेही पाहिला नव्हता. पोस्टकार्डावर कुठे बाजू दिसते? मलाही तेव्हाच कळलं. बाहेर आले तेव्हा आत्या हारवालीजवळ वाकून तिचं काहीतरी ऐकत होती, आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. मला वाटलं, हार किती लांब हवा ते दाखवते आहे. बाजूचं तिला सांगायचं माझ्या मनात होतं, खरंच होतं, पण रिक्षा उभी होती, वारा कानात शिरत होता, आणि राहिलं.

रिक्षावाल्याने आधी बंदरावर नेलं. मासळीचा लिलाव चालू होता. बायका सिमेंटवर ढीग मांडून ओरडत होत्या, बर्फाचं पाणी चपलांत शिरत होतं, वास असा की मी दोन पावलं मागे सरले. आत्याने पदर नाकाला लावला. मी म्हटलं, "लावू नकोस पदर. बघून ठेव नीट. उद्या तुलाच साफ करायचे आहेत, तुझ्या घरी."

मग तिने खरंच पदर काढला, एका बाईसमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "यह कैसे साफ करते हैं? म्हणजे, कसं करतात?" ती बाई हसली, "आजी, हिंदीवाल्या काय तुम्ही?" आणि कोयत्यासारख्या विळीवर एक मासा कापून दाखवला. आत्या शेवटपर्यंत बघत राहिली. उठून मला म्हणाली, "जमेल. शिवणापेक्षा सोपं आहे." माझ्या अशा नाकाला मिरच्या झोंबल्या की सांगता सोय नाही.

मग दीपगृह. वर चढायला अरुंद गोल जिना. मी खालीच म्हटलं, "तुझे गुडघे, राहू दे." हे गुडघ्यांचं ती विसरावी असं मला अजिबात वाटत नव्हतं. दिवसभर तिला तिच्या वयाची आठवण करून देणं, हे एकच काम मी नेमाने करत होते. ती गेलीच वर. मी खाली सावलीत बसून राहिले. वरून तिचा आवाज आला, माझ्या लहानपणीचं माझं लाडाचं नाव घेऊन मला हाका मारत होती. मी मान वर केली. कठड्याला धरून उभी, पदर डोक्यावरून उडून मागे गेलेला, काळे केस सगळे सुटलेले. खाली दोन-चार पोरी फोटो काढत होत्या, त्याही तिला बघून हसल्या. मला लाज वाटली. माझ्या आत्याची, जिने माझी शी-शू काढली तिची, मला लाज वाटली.

खाली उतरली ती कान धरून. "मशीन शिट्ट्या मारतंय गं वाऱ्याने. डोकं उठलं." तिने मशीन काढलं, डबीत घातलं, डबी पर्समध्ये. आता मला ओरडून बोलावं लागणार होतं. मी ठरवलं, बोलायचंच नाही.

खाणावळीत जेवलो. तिने सोलकढी तीन वेळा मागून घेतली. शेजारच्या दुकानातून आमसुलं घेतली, एक मोठी पिशवी. म्हणाली, "त्यांना पित्ताचा त्रास आहे." अजून देवाने तोंड उघडलं नाही आणि हिची संसाराची खरेदी सुरू. मी खुणेने कपाळाला बाशिंग बांधून दाखवलं आणि मग गुडघ्याकडे बोट केलं. ती लाजली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. मला तिचा राग आला होता, असा राग की समोरचं ताट भिरकावून द्यावं.

का, ते सांगते. हात धुवायला उठले तेव्हा घरून फोन आला होता. नवऱ्याचा. आया सकाळीच भांडून निघून गेली. आई कुणाच्याच हातून खात नाही, तोंड मिटून घेते. तिच्या पाठीवर लाल चट्टा दिसतोय. आणि लकव्यानंतर आईला जे तीन-चारच शब्द बोलता येतात, त्यातला एकच ती सकाळपासून म्हणते आहे: "वन्सं, वन्सं." नवरा म्हणाला, "मला नाही जमत हे. तुम्ही कधी येता?" मग थांबून म्हणाला, "आणि आत्या गेल्यावर काय करणार आहेस, ठरवलंस का?"

मी तिथल्या बेसिनपाशी उभी राहून सगळं डोळ्यांसमोर आणलं. सकाळी पाचला मी आईला पुसते आहे. मी रात्रीचे कपडे बदलते आहे. मी नोकरी सोडली आहे. माझी आई, पण तिच्या पाठीवरची जखम मी कधी नीट बघितलीही नव्हती. मला आत्या हवी होती. मोलकरीण हवी असते तशी हवी होती. हा शब्द लिहायला मला पाच वर्षं लागली, पण खरा शब्द तोच.

फोनचं मी आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती तिथूनच स्टेशनला निघाली असती, कौल-बिल सोडून. मग देवाने नाही म्हणण्याआधीच तिने स्वतः सोडलं असं झालं असतं. मला तेही नको होतं, कारण पुन्हा पुढच्या मे महिन्यात ती कौल लावायला निघाली असती. मला विषय संपायला हवा होता. म्हणजे बघा, मी किती हिशोबी.

दुपारी धक्क्यावर गेलो. समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या वाऱ्यामुळे बंद होत्या. होडीवाले पत्ते खेळत बसलेले, पत्त्यांवर चपला ठेवलेल्या. आत्याला किल्ल्यात जायचं होतं. तिने जाऊन एकाला विचारलं, "कधी थांबेल वारा?" तो म्हणाला, "आजी, आज नाय. उद्या सकाळी बघा." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्याही राहू या ना गं. एकच दिवस." मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुझ्यासाठी सगळ्यांनी किती दिवस थांबायचं?" होडीवाल्यांनी पत्ते खाली ठेवून आमच्याकडे बघितलं. ती गुपचूप बाकावर जाऊन बसली, आमसुलांची पिशवी मांडीवर, आणि किल्ल्याकडे बघत राहिली.

चारला देऊळ. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा, वारा सरळ आत. समईच्या ज्योती झोपत होत्या. गुरवाने आधी गाभाऱ्याचं बाजूचं दार लावून घेतलं, खिडकीला फळी लावली. म्हणाला, "वाऱ्याने पडली असं कोणी म्हणायला नको." मग शांतता झाली. आत्या उंबऱ्याशी उभी, मी तिच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे. तिने मशीन घातलं नव्हतं. मी तिला घाल म्हणून खूण केली नाही.

गुरवाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि मूर्तीच्या छातीवर दोन्ही बाजूंना एकेक करून चिकटवल्या. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, मोठ्या आवाजात, "बा देवा म्हाराजा! तुझी लेक लांबसून इली हा. लगीन करूचा म्हणता. तुझी मर्जी आसात तर उजवो दी." मागे बसलेले दोघे म्हातारे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आत्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिचे ओठ हलत होते. ती तिचं गाऱ्हाणं वेगळं घालत होती, ग्वाल्हेरच्या मराठीत.

वेळ गेला. किती, ते मला सांगता येणार नाही. मी काय मागत होते ते मला पक्कं आठवतं. मी देवाला म्हणत होते, नाही म्हण. नाही म्हण रे बाबा. इतकी वर्षं हिला नाही म्हणालास, आता एकदाच आणखी.

पाकळी पडली. आमच्या डाव्या हाताला.

देवाच्या उजव्या.

"देवान उजवो कौल दिल्यान," गुरव म्हणाला, आणि पडलेली पाकळी उचलून त्याने आत्याच्या ओंजळीत ठेवली. "सुखान रवा."

आत्याने त्या पाकळीकडे पाहिलं. मग मूर्तीकडे, आमच्या डाव्या हाताच्या मोकळ्या जागेकडे. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला वाटलं, संपली बिचारी. मला वाटलं, डावीकडची पडली म्हणून हिला नकारच वाटला. तेवढ्या वेळात मी चार शब्द बोलले असते तर झालं असतं. शब्दही नको, नुसती हसून मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी तिचा दंड धरला आणि मोठ्याने म्हटलं, "पायरी सांभाळ."

बाहेर आल्यावर हारवाली उठून उभी राहिली. तिने आत्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या, म्हणजे काय झालं म्हणून. आत्याने तिला नमस्कार केला आणि पुढे निघाली. मला हुश्श झालं. आणि मग मी रिक्षाचा दांडा धरून उभी राहिले.

संध्याकाळी ती म्हणाली, धक्क्यावर जाऊ या, त्यांना फोन करायचा आहे. वारा आणखी वाढला होता, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. मी म्हटलं, मशीन घाल, नाहीतर ऐकणार कशी? तिने पर्स काखेत दाबून धरली आणि फोन लावला. पलीकडे उचलला असावा. ती म्हणाली, "मी बोलते आहे. जमायचं नाही. मनाला लावून घेऊ नका." मग थोडी थांबली. ते काहीतरी बोलत असणार. ती म्हणाली, "कानात मशीन नाही, तुम्ही काय म्हणता ते ऐकू येत नाहीये. पथ्याने राहा. ठेवते." आणि ठेवला. पाकळी तिने मशीनच्या डबीत ठेवली होती. मशीन शोधायला म्हणून मी नंतर डबी उघडली तेव्हा दिसली.

आम्ही परत आलो. आत्या रिक्षातून उतरली, हातपाय धुतले आणि सरळ आईच्या खोलीत गेली. आई "वन्सं" म्हणाली आणि रडायला लागली. आमसुलांची पिशवी ओट्यावर राहिली. ती आमसुलं आम्ही वर्षभर डाळीत घातली, आणि मी मिटक्या मारत ती डाळ खाल्ली.

आई आणखी दोन वर्षं जगली. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता काय उपयोग. खरं म्हणजे मला तेव्हाही आत्या हवी होती, आता माझे गुडघे दुखायला लागले होते म्हणून. ते गृहस्थ गणपतीत दिसायचे, पेटी घेऊन. आत्या मागच्या रांगेत बसायची.

या जानेवारीत मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला की ते गेले. घरात एकटेच होते. दाराला आतून कडी होती, दूधवाल्याला शंका आली तेव्हा कळलं. आत्याने चष्मा लावून निरोप दोनदा वाचला, फोन बाजूला ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

मला झोप लागेना. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती गच्चीत उन्हात मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. गुरवाचं, बाजूचं, फोनचं, सगळं. मला वाटत होतं ती ओरडेल, मला मारेल, निदान रडेल. आणि मला मोकळं वाटेल. हो, तेव्हाही मला माझंच पडलं होतं.

ती मटार सोलत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"देवाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते ते. हारवालीला मी सकाळीच विचारून ठेवलं होतं. तू आत होतीस तेव्हा. तिने हात धरून दाखवलं."

मी म्हटलं, "मग देव हो म्हणाला हे तुला तिथेच कळलं होतं? मग तू त्यांना नाही का म्हणालीस? गेली का नाहीस?"

आत्याने शेंग उघडली, आत दाणे नव्हते, ती बाजूला टाकली. "देवाने जा म्हटलं गं. घरातून कुणी म्हटलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. म्हटलं, हिला मी न्हाऊ घातलंय, ही म्हणेल." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, अगदी तशीच, तेवढाच वेळ. "तुझ्या आजोबांनी निदान पोस्टकार्डाचा आडोसा घेतला. तू तर समोर उभी होतीस."

मी रडायला लागले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. मटारांची परात अर्ध्यापर्यंत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बसलीच आहेस तर एवढे सोल. मला आता दिसत नाही नीट."